दाता क्रमांक चार

आत्याचं रक्त काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त घाबरले ते बाबा. जिचं रक्त निघणार होतं ती सुलक्षणा आत्या मात्र सकाळीच केस धुऊन, ठेवणीतला ड्रेस घालून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसली होती.

"अक्का, तुझी तब्येत ती काय," बाबा म्हणाले. "उगाच चक्कर आली म्हणजे?"

"येऊ दे की. बसवूनच काढतात ना रक्त? उभी थोडीच करणार आहेत."

रक्त हवं होतं मला. म्हणजे माझ्या कंपनीला. कांजूरमार्गच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे दोन गाळे आहेत. एका बाजूला छत्र्यांच्या काड्या बनतात, दुसऱ्या बाजूला उदबत्त्यांचं पॅकिंग चालतं. डम्पिंग ग्राउंडकडून वारा सुटला की उदबत्तीवाल्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. मधल्या गाळ्यांत आम्ही माणसाची प्रोटीनं बनवतो.

असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिममधले मोठे डबे येतात. ते नाही. आपल्या अंगात हजारो तऱ्हेची प्रोटीनं असतात आणि प्रत्येकाची कृती आपल्या पेशींमध्ये अक्षरांनी लिहिलेली असते. आम्ही ती कृती उतरवून घेतो आणि निरुपद्रवी बॅक्टेरियांच्या पोटात घालतो. त्यांना खाऊपिऊ घातलं की ते बिचारे स्वतःच्या कामासोबत आपलंही प्रोटीन बनवतात. मग ते गाळून, धुऊन, नळ्यांत भरून आम्ही प्रयोगशाळांना विकतो. औषध म्हणून नाही, फक्त संशोधनासाठी. तिकडे काचेच्या बशीत पेशी वाढवणारी माणसं असतात, त्यांना ते लागतं.

मी ज्याच्या मागे लागले होते ते प्रोटीन पेशींना "वाढा रे" म्हणून सांगणारं होतं. कामाचं होतं, पण भारी नखरेल. फ्रीजबाहेर थोडा वेळ राहिलं की दूध नासावं तसं नासायचं, पांढरे गोळे व्हायचे, आणि मग कशाच्याच उपयोगाचं नाही. सगळे जण ते बर्फात गुंडाळूनच पाठवतात. आम्हीही तेच करायचो आणि तरी निम्म्या तक्रारी यायच्या.

आमचे सुबोध सर, म्हणजे कंपनीचे मालक, शास्त्रज्ञ आणि वेळ पडली तर प्लंबर, एक दिवस म्हणाले, "दीप्ती, आपण सगळे एकच विकत आणलेली कृती वापरतोय. पण माणसामाणसांत एखाददुसऱ्या अक्षराचा फरक असतोच ना? चार वेगळ्या माणसांकडून उतरवून बघू."

रीतसर परवानग्या झाल्या. लॅबमधल्या कोणी स्वतःचं रक्त द्यायचं नाही असा नियम होता, आणि देणाऱ्याचं नाव गुप्त. तिघं मिळाले, चौथं कोणी मिळेना. रात्री जेवताना मी कुरकुरले, तर आत्या भाताचा घास तसाच हातात ठेवून म्हणाली, "माझं घे."

सगळे हसलो. कारण आत्या म्हणजे आमच्या घराण्यातलं नाजूक प्रकरण. शाळेत प्रार्थनेला उभं केलं की पडायची. मे महिन्यात सगळी भावंडं मालवणला गेली की हिला मुंबईत ठेवायचे, ऊन बाधेल म्हणून. आजोबा गिरणीतून येताना हिच्यासाठी वेगळं टॉनिक आणायचे. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथे मात्र कुणाच्या बापाला ऐकली नाही. पण लग्नाचं जमलं नाही. एका पाहुण्याने तर तोंडावर सांगितलं होतं, "पोरगी बरी आहे, पण वाऱ्याने उडेल." हा किस्सा आत्या स्वतःच हसून सांगते. सगळ्यांचं हसून झालं तरी ती थोडा वेळ एकटीच हसत राहते.

तर रक्त काढलं. आत्याने सुईकडे टक लावून बघितलं आणि नर्सला "शीर चांगली मिळाली तुम्हाला" म्हणून शाबासकी दिली. बाबा बाहेरच्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

"आता तू दाता क्रमांक चार," मी तिला सांगितलं.

"चार? पहिले तीन कोण?"

"ते सांगता येत नाही."

"आणि त्यांना माझं नाव सांगणार?"

"नाही गं. कुणालाच नाही."

"मग उपयोग काय?" आत्या म्हणाली आणि उसाचा रस प्यायला निघाली.

पुढचे काही महिने मी त्या चार कृती उतरवल्या, बॅक्टेरियांत घातल्या, चार प्रोटीनं बनवली. चारही दिसायला सारखीच. चार नळ्या, चार आकडे, फ्रीजमध्ये एका रांगेत.

मग मे महिना आला आणि जोडून सुट्ट्या आल्या. आम्ही घरी आंबे खात असताना इकडे वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. जनरेटरने थोडा वेळ धुगधुगी धरली आणि तोही गेला. सुट्टी संपवून मी पोचले तेव्हा वॉचमन जिन्यात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. लॅबमध्ये पाय ठेवला तर भट्टी. सुबोध सर स्टुलावर बसले होते, चष्मा हातात, आणि नुसते बघत होते.

"वाट लागली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

माझा सहकारी रसेल फ्रीजसमोर उकिडवा बसून एकेक नळी काढत होता. रसेल मरोळच्या गावठाणातला. माणूस इतका शांत की लॅबमध्ये काही फुटलं तर आधी चहा पितो आणि मग झाडू आणतो. त्याने पहिली नळी उजेडात धरली. पांढरे गोळे. दुसरी, तेच. तिसरी तर ताक.

चौथी त्याने धरली, खाली घेतली, शर्टाला पुसली, परत धरली.

"दीप्ती, इकडे ये गं. मला वेड लागलंय का बघ."

चौथ्या नळीतलं पाणी लख्ख होतं. झऱ्याचं असावं तसं.

"रिकामी असेल," सर बसल्या जागेवरून म्हणाले. "नुसतं पाणी राहिलं असेल."

वीज आल्यावर मोजलं. प्रोटीन होतं, जेवढं ठेवलं तेवढंच.

"असेल, पण मेलेलं असेल," सर म्हणाले. त्यांना आशा लावून घ्यायची नव्हती. पण ते स्टुलावरून उठले होते.

आमच्या पेशी उकाड्यात गेल्या होत्या, म्हणून रसेलने पवईच्या मित्राच्या लॅबमधून थोड्या उसन्या आणल्या. एका बशीत त्यांना नुसतं खाणं दिलं, दुसऱ्या बशीत खाण्याबरोबर चौथ्या नळीतला थेंबभर माल. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं मायक्रोस्कोपला चिकटलो. पहिल्या बशीत इकडे एक, तिकडे दोन, सुट्टीच्या दिवशीच्या ऑफिससारखं. दुसऱ्या बशीत बोट ठेवायला जागा नाही!

सरांनी बघितलं. बाजूला झाले. परत बघितलं. तेवढ्यात शेजारचे उदबत्तीवाले शेठ "तुमच्याकडे वीज नीट येते का?" असं विचारायला दारात आले, तर सरांनी त्यांना कडकडून मिठी मारली. शेठना काही कळलं नाही, पण त्यांनीही पाठीवर थोपटलं.

त्यानंतरचा आठवडा आम्ही शहाण्या माणसांसारखे वागलो नाही. नळी खिडकीत उन्हात ठेवली. टिकली. रसेलने ती स्कूटरच्या डिकीत टाकून मरोळ ते कांजूर रोज ने-आण केली, वर एकदा सासूला घेऊन बोरिवलीला जाऊन आला. टिकली! सर तर जेवताना नळी डब्याशेजारी ठेवायचे आणि घासाघासाला बघायचे, जणू काही आता तरी नासेल. नासली नाही.

शेवटी आम्ही चौथी कृती अक्षर न् अक्षर वाचून काढली. सगळी बाकीच्यांसारखीच, फक्त एका जागी एक अक्षर वेगळं. त्या एका अक्षराने प्रोटीनची घडी अशी काही घट्ट बसली होती की उकाड्याने उसवत नव्हती.

"कोण आहे हा दाता?" सर ओरडले. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. "नाही, सांगू नकोस. नियम आहे." येरझाऱ्या घातल्या. "पण माणूस कोण आहे!"

"सर, दात्याला हवं असेल तर त्याला सांगता येतं, असं परवानगीत आहे."

"मग सांग त्याला. लगेच सांग. घरी जा. आत्ता जा!"

मी भरदुपारी मुलुंडला पोचले. आत्या गच्चीवर होती. तिने आमसुलं वाळत घातली होती, सगळीकडे जुन्या साड्या पसरलेल्या आणि त्यांवर लालभडक सोलं. डोक्याला पंचा गुंडाळून ती ओळीने परतवत चालली होती.

मी सगळं सांगितलं. वीज गेली, तीन नासली, चौथं राहिलं, अक्षर वेगळं.

आत्या मुंबईचं मराठी बोलते. पण काही विशेष झालं की तिची मालवणी उसळून वर येते.

"काय सांगतस! माझा? ह्या माझ्या अंगातला?"

"तुझंच."

"उन्हात ऱ्हवला?"

"उन्हात, डिकीत, सरांच्या डब्याशेजारी. सगळीकडे राहिलं."

"आणि बाकीचे तीन नासले?"

"नासले."

तिने हे जरा चघळलं. "तिघांत पुरुष किती होते?"

"सांगता येत नाही, आत्या."

"म्हणजे होते."

मी शास्त्राला धरून बोलायला गेले. "हे बघ, याचा अर्थ तू स्वतः खूप दणकट आहेस असं नाही हां. एका प्रोटीनमधलं एक अक्षर आहे फक्त. तब्येतीशी त्याचा तसा काही..."

"ता तुझ्याकडे ठेव!" आत्या म्हणाली आणि हसायला लागली. साधं हसणं नाही. पोट धरून, पंचा सुटेपर्यंत, श्वास अडकेपर्यंत. हसता हसता तोल गेला आणि बदकन् आमसुलांत बसली. मी उचलायला गेले तर मलाही खाली ओढलं. आम्ही दोघी त्या लाल चिखलात बसून हसत होतो आणि शेजारच्या इमारतीतला एक गृहस्थ खिडकीतून बघत होता. माझा पांढरा कुर्ता कामातून गेला.

"उन्हात ऱ्हवला," ती डोळे पुसत परत म्हणाली. "मालवणाक नेऊक नाय माका, ऊन लागात म्हणान." आणि तिने एक सोल उचलून तोंडात टाकलं.

नाव गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक होतं, आत्यावर नव्हतं. संध्याकाळपर्यंत आख्ख्या सोसायटीला कळलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यात भरही पडली. तिसऱ्या मजल्यावरचे काका आत्याच्या रक्तात काहीतरी निघालंय असं ऐकून सफरचंदं घेऊन भेटायला आले आणि हळू आवाजात बाबांना "डॉक्टर काय म्हणतात?" असं विचारू लागले. जिमला जाणाऱ्या एका मुलाने मला जिन्यात गाठून चॉकलेट फ्लेवर आहे का म्हणून विचारलं.

पण खरी गंमत वसुधाकाकूंची. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत आणि आत्याच्या जिवाभावाची मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी खाली बाकड्यावर बसतात. काकूंचा मुलगा टोरंटोला आहे, त्यामुळे इतकी वर्षं बोलणं काकूंकडे आणि ऐकणं आत्याकडे अशी वाटणी होती. ती आता उलटली.

"तुझा मुलगा एकाच ठिकाणी गेला," आत्या म्हणत होती, मी गेटमधून आत येताना ऐकलं. "माझं प्रोटीन आधी हैदराबादच्या एका लॅबमध्ये जाणार, मग कुठे कुठे जाईल."

"हैदराबाद काय गं, मी पण गेलेय."

"बर्फाशिवाय?"

काकूंनी गुडघा चोळला. "सुला, ते पेशी वाढवतं म्हणतेस ना? माझ्या गुडघ्याला लावलं तर?"

"आणून देते तुला एक बाटली," आत्याने राजासारखा हात हलवला. मी कपाळाला हात लावला.

मग आत्याला लॅब बघायची होती. सरांना विचारलं तर ते आनंदाने तयार झाले. फक्त म्हणाले, "त्या दाता आहेत हे मला माहीत नाही असं धरून चालू. तुझी आत्या म्हणून येऊ देत."

आत्या एकटी आली नाही. हिरवी रेशमी साडी, गजरा, पेढ्यांचा पुडा आणि शेजारी मोरपंखी साडीत वसुधाकाकू. रसेलने दोघींना पांढरे कोट चढवले आणि गजऱ्यांवरून टोप्या बसवल्या. हातमोजे घालताना काकू म्हणाल्या, "आपण ऑपरेशन करणार असं वाटतंय." पेढे बाहेरच ठेवावे लागले. ते उदबत्तीवाल्यांनी सांभाळले, म्हणजे निम्मे.

आधी मी त्यांना काचेचे चंबू दाखवले. यंत्रात गोल गोल हलणारे, आत गढूळ पिवळट पाणी.

"ह्यांत बॅक्टेरिया आहेत. आत्या, तुझी कृती त्यांच्या पोटात आहे. आत्ता या घडीला ते तुझं प्रोटीन बनवतायत."

आत्या वाकून बघत राहिली. "किती आहेत?"

"अगणित."

"आणि सगळे माझंच काम करतात?" तिने काकूंकडे पाहिलं. "वसुधा, मला आयुष्यात कामाला एक बाई टिकली नाही."

मग नळी. रसेलने ती दोन बोटांत धरून अदबीने पुढे केली. तळाशी चार थेंब, स्वच्छ.

"एवढंसं?" आत्याचा चेहरा उतरला.

"एवढंसं म्हणजे पुष्कळ आहे, आत्या," रसेल म्हणाला. "ह्यातला एक कण पण पुरतो. हे मीठ जसं आमटीत ना, तसं."

मग मायक्रोस्कोप. आधी रिकामटेकडी बशी दाखवली, मग तिची. तिने दोन्ही हात टेबलावर टेकून डोळा लावला. यंत्रांची घरघर चालू होती, बाहेर छत्रीवाल्यांची ठोकाठोक चालू होती.

"दाटीवाटीने बसलीयत गो," ती डोळा न काढता हळूच म्हणाली. "लग्नाला आल्यासारखी." आणि मग, "ही माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे."

ती बाजूला झाली तेव्हा चष्म्याला वाफ धरली होती. सरांनी टेबलावरची एक साफ नळी उगाचच पुसायला घेतली.

आणि नेमकं तेव्हा काकू म्हणाल्या, "मग माझी बाटली?"

"कसली बाटली?" सर म्हणाले.

"गुडघ्याची. सुलाने कबूल केलंय."

सरांचा रंग उडाला. ते काकूंसमोर खुर्ची ओढून बसले आणि नीट समजावून सांगितलं. हे औषध नाही. माणसावर कधी वापरून बघितलेलं नाही. याने चांगलं होईल की वाईट, कुणालाच माहीत नाही. हे फक्त प्रयोगशाळेसाठी, नळीवर तसं छापलेलंही आहे. "तुमच्या गुडघ्याशी मी असा खेळ करणार नाही, काकू. माझ्या आईच्या गुडघ्याशीही करणार नाही."

काकूंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. कबूल केलेलं मोडायची आत्याला सवय नाही. तिची चुळबुळ मला दिसत होती.

"वसुधा," ती शेवटी म्हणाली, "चुकलं माझं. मला काय माहीत गं! आता तुला नाही मिळायचं. मलाही नाही मिळायचं, माझं असून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या टोप्या, ते कोट, ते मोजे. आधी काकूंचा ओठ हलला. मग दोघी अशा काही सुटल्या की रसेलने हळूच नळी उचलून लांब नेली.

"मग माझं रक्त घ्या!" काकू हसता हसता म्हणाल्या आणि बाही वर करू लागल्या. "पाच नंबर! माझ्यात पण काहीतरी निघेल."

तिथेच न थांबता त्यांनी मंडळात विषय काढला. सरांना तसंही बघायचं होतं की हे अक्षर आणखी कुणाकुणात सापडतं, त्यामुळे परवानगीसाठी त्यांनी लगेच अर्ज केला. पण तो पुढचा भाग. तोवर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने आमचं प्रोटीन तपासून बघायचं कबूल केलं होतं. कुरिअरचा माणूस ते घेऊन सांताक्रूझला विमानात घालायला गेला. साधं खोकं, आत कापूस, बर्फाचं नाव नाही.

आता वाट बघणं आलं. सोसायटीत दहावीच्या निकालासारखं वातावरण. मी जिन्यात दिसले की "लागला का?" दूधवाला विचारायचा, "लागला का?" सफरचंदवाले काका लिफ्ट धरून उभे राहायचे. सर रोज सांगायचे की घाई करू नये, आणि रोज स्वतः सकाळ-संध्याकाळ ईमेल उघडायचे.

रविवारी वसुधाकाकूंनी जाहीर केलं की मैदानावर आनंदमेळा आलाय, घरात बसून झुरण्यापेक्षा तिकडे जाऊ. बाबाही आले. भेळ झाली, बुढ्ढी के बाल झाले, आणि आम्ही आकाशपाळण्यासमोर येऊन उभे राहिलो. भला मोठा, दिव्यांचा, वरच्या टोकाला गेलेली माणसं किंचाळत होती.

"मी बसणार," आत्या म्हणाली.

"अक्का, वेड लागलं का तुला?"

"लागू दे." तिने पर्स बाबांच्या हातात दिली. चपला काढून त्याही दिल्या.

मी तिच्या एका बाजूला, काकू दुसऱ्या. काकूंनी डोळे आधीच मिटले होते. पाळणा उचलला, थांबला, परत उचलला आणि मग सुटला. पहिल्या फेरीला पोट खाली राहिलं. दुसऱ्या फेरीला काकू देवाची नावं घेऊ लागल्या. आत्या दांडा धरून ताठ बसली होती, पदर मागे फडफडत होता. खाली मुलुंडचे दिवे, पलीकडे डोंगराची काळी रेघ.

तिसऱ्या फेरीला माझा फोन वाजला. सुबोध सर.

"दीप्ती! हैदराबादहून..." आम्ही खाली आलो, लाउडस्पीकरने पुढचं सगळं खाल्लं. वर जाता जाता, "...टेबलावर उघडं ठेवलं होतं त्यांनी, आणि..." परत खाली.

"आणि काय, सर?"

वरच्या टोकाला आलो. क्षणभर सगळं शांत. "चाललं!" सर ओरडले. "अगं, चाललं!"

"चालला? खंय चालला?" आत्याने माझा दंड पकडला.

"म्हणजे काम केलं गं त्याने! त्यांना अजून पाहिजे! मोठी ऑर्डर आहे!"

काकूंनी डोळे उघडले, एकदम खाली बघितलं आणि परत मिटले. आत्याने माझ्या हातातून फोन ओढला. "सर! ऐकू येतंय का? मी आकाशपाळण्यात आहे!" तिकडून सरांनी काय म्हटलं ते मला कळलं नाही, पण मागे रसेल मोठमोठ्याने काहीतरी गात होता, एवढं ऐकू आलं. मग आत्या दांड्यावरून वाकली आणि खाली गर्दीत दिसणाऱ्या बाबांना ओरडून म्हणाली, "रे! चालला! माझा चालला!"

बाबा हातातल्या चपला हलवून वर बघत होते. त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं, तरी ते हसत होते. आजूबाजूच्या माणसांनी उगाच टाळ्या वाजवल्या.

पाळणा मंदावला. आमचा नंबर आला, पाळणेवाल्याने दांडा उघडला. मी एक पाय खाली ठेवला. आत्या जागची हलली नाही.

"आज्जी, उतरा."

"अजून एक," आत्या म्हणाली.

"चक्कर येईल, आज्जी."

"येऊ दे."

मी काकूंकडे बघितलं. त्यांचा गजरा कानावर आला होता, चेहरा पांढराफटक. उतरवून घरी नेऊन झोपवावं असाच रंग होता. त्यांनी दांडा स्वतःच्या हाताने परत लावला.

"मी पण," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात पाळणा हलला. मी कशीबशी आत पडले, एक चप्पल खालीच राहिली, आणि फोनमधून सर अजून विचारतच होते, "दीप्ती? अगं, आहेस का?"